रोजच्या व्यंगचित्राचा इतिहास कसा जुळवावा: कात्रण, तारीख आणि चित्रकाराचा हात

वीस-तीस वर्षं रोज छापून येणाऱ्या व्यंगचित्राचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण समोर येते: चित्रं छापली गेली तशी दुसऱ्या दिवशी रद्दीतही गेली. उरतात ते निवडक चित्रांचे संग्रह, कुणाच्या तरी वहीत चिकटवलेली बिनतारखेची कात्रणं आणि वाचकांच्या आठवणी. या तिन्हींवरून लेख लिहिता येतो. इतिहास लिहायचा तर मात्र अंक उघडून, पानं चाळून, प्रत्येक चित्राला त्याची तारीख परत मिळवून द्यावी लागते. पुण्यात बसून हे काम एकट्यालाही करता येतं. ते कसं करायचं, कुठे फसतं आणि का फसतं, ते पुढे दिलं आहे.

कोणत्या जातीचं चित्र आहे ते आधी ठरवा

रोजच्या व्यंगचित्राच्या ढोबळ दोन जाती आहेत. पहिली पॉकेट कार्टूनची, म्हणजे एक चौकट, बहुतेक वेळा एकाच स्तंभाच्या रुंदीची, कालच्या बातमीवर बोलणारी. हा प्रकार ऑस्बर्ट लँकेस्टर यांनी १९३९ साली लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'मध्ये रूढ केला. आपल्याकडे तो घराघरांत पोचवला आर. के. लक्ष्मण यांनी. 'टाइम्स ऑफ इंडिया'तलं त्यांचं 'यू सेड इट' १९५१ मध्ये सुरू झालं. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि तोंडातून एक शब्दही न काढणारा कॉमन मॅन हे त्यातलं कायमचं पात्र.

दुसरी जात चित्रपट्टीची: तीन-चार चौकटी, ठरलेली पात्रं, घरगुती विषय. मराठीतलं ठळक उदाहरण पुण्याचंच आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा आला. मधली काही वर्षं तो 'लोकसत्ता'तही होता.

या फरकावर पुढचं सगळं काम अवलंबून आहे. पॉकेट कार्टून आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळी काढलेलं असतं, म्हणून त्या दिवसाच्या आणि आदल्या दिवसाच्या बातम्या शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही. 'हा मंत्री कोण?' याचं उत्तर चित्रात नसतं, शेजारच्या मथळ्यात असतं. चित्रपट्टी कित्येकदा आठवडा-दोन आठवडे आधी काढून ठेवलेली असते. तिच्यात बातमी शोधून उपयोग नाही, ऋतू शोधा: परीक्षा, आंबे, रेनकोट, गणपतीची आरास, दिवाळीचा किल्ला. ऋतू आणि छापल्याची तारीख यांचा मेळ बसत नसेल तर जुनी पट्टी पुन्हा छापली गेल्याची शंका घ्यावी.

संग्रहाच्या पुस्तकावर इतिहास उभारू नका

संग्रह वाचायला उत्तम, पुरावा म्हणून कच्चा. त्यात निवड झालेली असते, क्रम बदललेला असतो, तारखा बहुधा गाळलेल्या असतात आणि आकार पुस्तकाच्या पानाला जुळवून घेतलेला असतो.

'वेताळ' वाचलेल्यांना याचं उदाहरण लगेच पटेल. वेताळ म्हणजे मूळचा 'फँटम'. ली फॉक यांची ही चित्रपट्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ पासून येऊ लागली. आपल्याकडे ती १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून पोचली. पुस्तिकेच्या पानात बसवण्यासाठी मूळ पट्ट्यांच्या चौकटी कापल्या, हलवल्या, काही गाळल्या. फँटमच्या काल्पनिक देशाचं, 'बंगाला'चं, 'डेंकाली' झालं, कारण मूळ नाव भारतीय वाचकाला खटकलं असतं. इंद्रजालची पुस्तिका हातात धरून फँटमच्या चित्रकारांविषयी लिहिणारा माणूस अशा प्रकारे अर्ध्या ठिकाणी चुकतो. पुस्तिकेचा इतिहास तिच्यावरून जरूर लिहावा, पट्टीचा मात्र लिहू नये.

संग्रहाचा एक उपयोग पक्का आहे. कुठली चित्रं चित्रकाराला किंवा प्रकाशकाला जपावीशी वाटली ते त्यातून कळतं. सूचीत त्यासाठी एक वेगळा रकाना ठेवा.

फायलींपर्यंत पोचणं

'केसरी' १८८१ पासून पुण्यात निघतो, 'सकाळ' १९३२ पासून. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांसाठी पहिला दरवाजा त्या त्या वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागाचा. तिथे तोंडी विचारण्याऐवजी एक पानाचं पत्र न्यावं: विषय, कोणती वर्षं, साधारण किती दिवस बसणार, छायाचित्रं घेणार का आणि ती कुठे वापरणार. शेवटचे दोन मुद्दे नसलेलं पत्र टेबलावरच पडून राहतं.

दुसरा दरवाजा ग्रंथालयांचा. १८४८ साली स्थापन झालेलं पुणे नगर वाचन मंदिर, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, शासकीय विभागीय ग्रंथालय. कुठे कोणत्या वर्षांच्या फायली, म्हणजे अंकांचे बांधलेले गठ्ठे, आहेत आणि त्या वाचकाला हाताळायला देतात का, हे जाण्याआधी फोन करून विचारा. 'फायली आहेत' आणि 'फायली देतो' ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

तिसरा स्रोत रद्दीवाले आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. अख्ख्या वर्षाचे अंक तिथे क्वचित मिळतात, पण दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या आणि मेलेल्या माणसांच्या कात्रणवह्या मिळतात. कात्रणवही विकत घेताना फक्त चित्रं पाहू नका. आतलं नाव, चिकटवण्याचा क्रम आणि वहीवर कंपनीने छापलेलं साल हेही पुरावे आहेत.

बांधीव फाईल हाताळताना दोन गोष्टी हमखास नडतात. एक, बांधणी घट्ट असली की आतल्या बाजूचा स्तंभ शिवणीत जातो, आणि पॉकेट कार्टून नेमकं तिथेच असू शकतं. फाईल दाबून उघडू नका, पाठ फाटते. पान ९० अंशांपर्यंतच उघडून, त्याखाली उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून, फोन तिरपा न धरता पानाला समांतर धरावा. दोन, आवृत्ती. डाक आवृत्ती बाहेरगावी जाणारी, आधी छापलेली, शहर आवृत्ती उशिरा छापलेली. एकच चित्र एका आवृत्तीत एका तारखेला आणि दुसरीत दुसऱ्या तारखेला येऊ शकतं. पहिल्या पानावर मथळ्याजवळ आवृत्तीचं नाव असतं, ते प्रत्येक नोंदीत उतरवून घ्या. हे राहिलं तर पुढे दोन अभ्यासक एकाच चित्राच्या दोन तारखा घेऊन भांडत बसतात आणि दोघेही बरोबर असतात.

छायाचित्र आणि नोंद

अख्ख्या पानाचं एक छायाचित्र आणि फक्त चित्राचं एक, अशी दोन्ही घ्यावीत. १२ मेगापिक्सेलच्या फोनवर लांब बाजूला साधारण ४००० ठिपके येतात. ५४ सेंटिमीटर उंचीचं पान त्यात बसवलं की इंचाला जेमतेम १८८ ठिपके उरतात. मथळे वाचता येतात, रेघेची जाडी कळत नाही. म्हणून चित्र वेगळं, जवळून. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, नाहीतर नंतर आकार सांगता येणार नाही. फ्लॅश बंद. शक्यतो खिडकीचा उजेड एका बाजूने आणि पांढरा पुठ्ठा दुसऱ्या बाजूने.

सुटं कात्रण असेल तर स्कॅनर बरा. रेषाचित्रासाठी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) आणि राखाडी छटांमध्ये स्कॅन करा. 'काळं-पांढरं' हा पर्याय निवडला की बारीक रेघा तुटतात आणि जाड रेघा एकमेकींत मिसळतात. कात्रणाच्या पाठीमागे काळा कागद ठेवावा. वर्तमानपत्राचा कागद इतका पातळ असतो की पांढऱ्या झाकणामुळे मागची छपाई पुढे दिसते, काळ्या कागदामुळे ती बुडते. मूळ फाईल टिफमध्ये ठेवा आणि वाटायला जेपेग वेगळी काढा.

फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच द्या: १९९१-११-२१, मग वर्तमानपत्र, आवृत्ती, पान. दिवस आधी लिहिला तर संगणक सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र लावतो.

तक्त्यात हे रकाने असावेत: तारीख, वार, वर्तमानपत्र, आवृत्ती, पान, स्तंभ, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये, चित्राखालचं वाक्य जसंच्या तसं, पात्रं, विषय, संबंधित बातमी, सही आहे की नाही आणि कशी, अक्षरं कोणत्या प्रकारची, संग्रहात आहे का, फाईलचं नाव, शेरा. वाराचा रकाना फालतू वाटतो, पण तोच चुका पकडतो. २१ नोव्हेंबर १९९१ला गुरुवार होता. तक्त्यात त्यापुढे शुक्रवार दिसला तर तारीख किंवा फाईल, काहीतरी चुकलं आहे. वाक्य उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. 'नांव' छापलं असेल तर 'नांव'च लिहा. कारण खाली येतं.

सगळीच चित्रं नोंदवायची का? वर्षाला साडेतीनशे अंक धरले तरी तीस वर्षांचे साडेदहा हजार होतात. एका नोंदीला आठ मिनिटं लागतात, म्हणजे १४०० तास. एकट्याने करायचं तर नमुना घ्या. सर्वसाधारण चूक अशी की प्रत्येक वर्षातला एक सलग आठवडा घेतला जातो. त्या आठवड्यात निवडणूक किंवा क्रिकेटचा सामना असला की सातही चित्रं एकाच विषयाची निघतात आणि त्या वर्षाविषयी खोटं चित्र उभं राहतं. त्याऐवजी दर तिमाहीत एक 'जुळवलेला आठवडा' करा: तिमाहीतल्या सगळ्या सोमवारांच्या चिठ्ठ्या टाकून एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस. वर्षाला २८ नोंदी, तीस वर्षांच्या ८४०, वेळ ११२ तास. आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस दिला तर वर्षाच्या आत काम संपतं.

नमुन्याला दोन अपवाद ठेवा. सुरुवातीचे सहा महिने पूर्ण नोंदवा, कारण पात्रं तेव्हा घडत असतात. लक्ष्मण यांच्या चित्रांतही आधी वेगवेगळ्या प्रांतांची, वेषांची माणसं होती, ती गळत गळत एक कॉमन मॅन उरला. आणि जिथे काही बदललं असेल, म्हणजे वर्तमानपत्र, पान, आकार, चित्रकार, तिथे बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन महिने पूर्ण पाहा.

चित्र दिसलं नाही म्हणजे चित्रकार रजेवर, असं लगेच लिहू नये. काही सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी अंकच निघत नाही. आधी अंक निघाला होता का ते पाहा, मग जाहिरातीने जागा खाल्ली का ते पाहा, आणि चित्रकाराकडे सगळ्यात शेवटी वळा.

बिनतारखेचं कात्रण: उलटं करून पाहा

तारखेचा पुरावा बहुतेक वेळा चित्राच्या मागच्या बाजूला असतो. म्हणून कुणाच्या वहीत चिकटवलेलं कात्रण सोडवण्याआधी उजेडासमोर धरून मागचं वाचण्याचा प्रयत्न करा.

पुण्याच्या कात्रणांवर काय शोधायचं? नाटकांच्या जाहिराती हा सोन्यासारखा पुरावा आहे. बालगंधर्व रंगमंदिर जून १९६८ मध्ये खुलं झालं, त्यामुळे तिथल्या प्रयोगाची जाहिरात मागे असेल तर कात्रण त्याच्या आधीचं नाही. सिनेमाची जाहिरात असेल तर प्रदर्शनाचं साल आणि 'आठवडा १२वा' असा आकडा मिळून तारीख महिन्याच्या आत येते. किमती आण्यांत असतील तर १ एप्रिल १९५७ पूर्वीची शक्यता, 'नवे पैसे' असतील तर त्यानंतरची काही वर्षं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पुण्याचा एसटीडी क्रमांक ०२१२ असेल तर तो ०२० होण्याआधीचं. ₹ हे चिन्ह दिसलं तर जुलै २०१० नंतरचं. पानशेतच्या पुराचा उल्लेख आला तर १२ जुलै १९६१ ही खालची मर्यादा झाली.

याहून बारीक पुरावा शुद्धलेखनाचा. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम राज्य शासनाने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. 'कांहीं', 'त्यानें', 'नांव', 'मुलांनीं' अशी रूपं चित्राखाली असतील तर चित्र साठच्या दशकाच्या मध्याच्या आधीचं असण्याची शक्यता खूप. हा पुरावा एकटा वापरू नये. जुन्या वळणाचे संपादक आणि चित्रकार पुढेही तसंच लिहीत राहिले. पण मागच्या जाहिरातीशी जुळला तर तो भक्कम होतो. म्हणूनच वर सांगितलं, की वाक्य उतरवताना सुधारू नका. एकदा सुधारलेल्या वाक्यातून तारीख परत मिळत नाही. 'अि', 'अु' अशी स्वरांची रूपं दिसली तर ती सावरकरांच्या लिपिसुधारणेची खूण. किर्लोस्कर मासिकांत ती बरीच वर्षं वापरली गेली, तेव्हा कात्रण वर्तमानपत्राचं नसून मासिकाचं असू शकतं.

निष्कर्ष लिहिताना 'इ.स. १९६५' असं ठोकून देऊ नका. 'जून १९६८ नंतर, १९७२ पूर्वी. आधार: मागील नाट्यजाहिरात, पिनकोड नाही' असं लिहा. पिनकोड नाही हा आधार कच्चा आहे हेही शेऱ्यात टाका, कारण लोक पिनकोड गाळतातच.

हात कुणाचा?

दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रात हात बदलतात, आणि बदल पुष्कळदा जाहीर होत नाही. चार्ल्स शुल्झ यांनी 'पीनट्स' या अमेरिकी चित्रपट्टीच्या १७,८९७ पट्ट्या मदतनीस न घेता काढल्या, पण तो अपवाद. फँटमचं लेखन ली फॉक यांनी १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं, चित्रं मात्र आधी रे मूर यांची, मग विल्सन मकॉय यांची, १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी यांची. डोळा तयार करायला ही तीन माणसं फार चांगली आहेत. मूर यांच्या चौकटीत अंधार आणि पिसासारख्या रेघा, मकॉय यांची रेघ सपाट आणि साधी, बॅरी यांची माणसं स्नायूंनी भरलेली आणि पार्श्वभूमी तपशिलाची. एकाच पात्राची तीन चित्रं शेजारी ठेवून तासभर बघा, मग मराठी कात्रणांकडे वळा.

हात ओळखताना चेहरा पाहू नये. चेहरा हे पात्राचं बोधचिन्ह असतं, नवा चित्रकार तेच सगळ्यात काळजीपूर्वक गिरवतो. जिथे त्याचं लक्ष नसतं तिथे पाहा: कान, हाताची बोटं, चपलेचा अंगठा, धोतराच्या चुण्या, झाडाची पानं, खुर्चीचे पाय, पाठीमागची गर्दी. लक्ष्मण यांच्या चित्रातला कावळा दुसऱ्याने काढला तर लगेच ओळखू येईल, इतकं त्यांचं कावळ्यावर प्रेम आणि लक्ष होतं.

अक्षरंही तपासा. हाताची आहेत की छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांची की संगणकाची? हाताची असतील तर शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं टांगली आहेत की अक्षरं लिहून वर रेघ मारली आहे? 'ल', 'श', 'झ' आणि 'ण' यांची वळणं कशी? चित्र एकाच्या हातचं आणि अक्षरं दुसऱ्याच्या हातची असणं अगदी सामान्य आहे. सहीवर फार भिस्त नको. ती चौकट कापताना उडते, किंवा पात्राच्या मालकाची म्हणून दुसऱ्याच्या चित्रावरही राहते.

छपाई लक्षात न घेता हाताविषयी बोलणं ही अनुभवी माणसांचीही चूक असते. खिळ्यांच्या छपाईत चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करावा लागे. लाइन ब्लॉकमध्ये फक्त ठार काळं आणि कोरं पांढरं. करडी छटा हवी तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी हाताने काढायची, किंवा हाफटोन करून ठिपक्यांत फोडायची. खडबडीत कागदावर त्या ठिपक्यांचा चिखल होई. ऑफसेट छपाई आल्यावर बारीक रेघ आणि छटा टिकू लागल्या. त्यामुळे एखाद्या साली चित्र अचानक 'नाजूक' झालं तर चित्रकार बदलला म्हणण्याआधी त्या वर्तमानपत्राचं छपाईयंत्र कधी बदललं ते विचारा. पानातल्या छायाचित्रांवरून ते कळतं: तीही त्याच सुमारास स्वच्छ झाली असतील तर कारण यंत्र आहे. रेघा जाड होऊन जाळ्या बुजल्या असतील तर चित्र छोट्या जागेत बसवण्यासाठी जास्त लहान केलं गेलं असण्याची शक्यता पाहा. मूळ चित्र छापील आकाराच्या दुप्पट-तिप्पट मोठं असतं, आणि लहान करताना दोन रेघांमधलं पांढरं सगळ्यात आधी मरतं. इथे तुमचा मिलिमीटरचा रकाना कामाला येतो.

लक्ष्मण यांचा शेवटचा काळ पुण्यात गेला, २६ जानेवारी २०१५ला इथेच त्यांचं निधन झालं. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या आवारात कॉमन मॅनचा पुतळा आहे आणि बालेवाडीत २०२२ मध्ये त्यांच्या कामाला वाहिलेलं संग्रहालय सुरू झालं. तिथे जाताना आपल्या कात्रणांची छायाचित्रं फोनमध्ये असू द्या. शि. द. फडणीस यांच्या 'हसरी गॅलरी'सारखं प्रदर्शन किंवा कुठल्याही चित्रकाराचं मूळ काम पाहायला मिळालं तर पेन्सिलीच्या खुणा, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या दुरुस्त्या आणि समासातल्या संपादकाच्या सूचना टिपा. छापील चित्रात यातलं काहीच उरत नाही.

चित्रकाराकडे जाताना

'तुम्हाला कल्पना कशा सुचतात?' हा प्रश्न विचारू नये. त्याचं उत्तर त्यांनी शंभर वेळा दिलेलं असतं. दहा-बारा छापील चित्रं मूळ आकारात छापून न्या, प्रत्येकावर तारीख, आणि त्या चित्राविषयी विचारा: ब्रश की निब, कितव्या नंबरचा, शाई कुठली, कागद कुठला, कितीला चित्र ऑफिसात पोचवायचं, कोण घेऊन जायचं, वाक्य कुणी बदललं, कुठलं चित्र परत आलं. जोडीने काम करणाऱ्यांना वेगवेगळं आणि एकत्र, दोन्ही प्रकारे भेटा. साल विचारलं तर माणूस दोन-तीन वर्षं इकडेतिकडे सांगतो, प्रसंग विचारला तर नीट सांगतो. 'मुलगी शाळेत जायला लागली होती का?' यावरून मिळालेलं साल फायलीशी ताडून घ्या. फाईल आणि आठवण यांत फरक पडला तर दोन्ही लिहा, आठवण खोडू नका. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याची आणि वापरण्याची परवानगी एका कागदावर सहीनिशी घ्यावी. घरच्यांसमोर घेतली तर पुढे त्यांनाही माहीत राहतं.

कात्रणं टिकवणं

वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा लगदा दळून केलेला असतो. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेड आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. हे थांबवता येत नाही, हळू करता येतं. आधी स्कॅन, मग बाकी सगळं.

सेलोटेप कधीही नको. त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि तो डाग निघत नाही. जुनी टेप ओढून काढू नका, सुकून फिल्म आपोआप सुटेपर्यंत थांबा. लॅमिनेशन तर परत न फिरणारी चूक आहे. चिकट पानांचे फोटो अल्बम आणि मऊ पीव्हीसीचे खिसेही टाळा, शाई प्लास्टिकला चिकटून येते. पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे चालतात. चिकटवण्याऐवजी कात्रण आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासूनचा कागद या कामाला योग्य जातीचा आहे, तरी घेतलेल्या गठ्ठ्यातला एक तुकडा आम्लता दाखवणाऱ्या पीएच पेनने तपासावा.

फाटलं असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि खळ. खळ मैद्याची नको, गव्हाच्या सत्त्वाची हवी. मैद्याचा गोळा मळून पाण्यात धुवा, चिवट भाग हातात राहतो, पांढरं सत्त्व पाण्यात उतरून खाली बसतं. कुरडयांचा चीक काढतात तसंच, फक्त आंबू द्यायचं नाही. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करून मलमलीतून गाळा, ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते इथे घालू नका. त्यातल्या तांब्याने कागद लवकर जळतो. सोडा वॉटर आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियात कात्रण भिजवण्याचा उपाय अनेक ठिकाणी सांगितला जातो. त्याने आम्ल कमी होतं हे खरं, पण लिग्निन तसंच राहतं आणि ओला कागद उचलताना फाटतो. एकुलत्या एका प्रतीवर तो करू नये.

आपल्याकडे पुस्तकांना ऊन दाखवायची पद्धत आहे. कात्रणांना ऊन दाखवू नका, सावलीत वारा द्या. पुण्याच्या पावसाळ्यात डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. डबा जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा उघडून पाहा. कसर दिसली तर कात्रणं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर दव कागदावर धरतं.

छापण्याआधी हक्क

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. लक्ष्मण यांच्या चित्रांचा २०७५च्या अखेरपर्यंत आहे. चित्रकार वर्तमानपत्रात नोकरीला असेल आणि वेगळा करार नसेल, तर वर्तमानपत्रात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा आणि बाकी सगळा चित्रकाराचा. मानधनावर बाहेरून चित्रं देणाऱ्याचा हक्क, करार नसेल तर, त्याचाच. म्हणून पुस्तक किंवा प्रदर्शन करायचं तर दोन पत्रं लिहा, एक वर्तमानपत्राला आणि एक चित्रकाराला किंवा वारसांना. सोबत कोणती चित्रं, किती, कोणत्या आकारात, किती प्रती याची तारखांसह यादी जोडा. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत काढणं आणि समीक्षेत चर्चेपुरतं चित्र देणं याला कायद्यात वाव आहे, पण अख्खी मालिका संकेतस्थळावर चढवणं त्यात बसत नाही. तुमचा तक्ता मात्र तुमचा आहे. तो पूर्ण झाला की त्याची एक प्रत ज्या ग्रंथालयात फायली पाहिल्या तिथे नेऊन द्या, आणि कोणते अंक फायलीत गहाळ सापडले त्याची यादी त्यासोबत वेगळ्या पानावर जोडा.